सरंजाम, सवलत आणि हक्क

सिल्वासा शहरापासून थोड्याच अंतरावर वासोणा नावाचे गाव आहे. बाहेरच्या लोकांना आज हे नाव ठाऊक असते ते तेथील सिंहांच्या उद्यानामुळे. गीरच्या अरण्यातून आणलेले सिंह कुंपणाआड पाहावयास पर्यटकांच्या गाड्या तिकडे वळतात. परंतु या मुलखातील वारल्यांची श्वापदाशी असलेली ओळख फार जुनी आहे आणि ती कुंपणाआडची नव्हे. वारली पाड्यांच्या शिवेवर वाघदेव असतो. लाकडाच्या फळीवर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वरच्या अंगाला सूर्य आणि चंद्र, सर्वांगाला शेंदूर. त्याला बहुधा कळस नसतो, पोथी नसते, वंशपरंपरेचे वतन सांगणारा पुजारी नसतो. वाघबारशीला गाव एकत्र येते, त्याला मान देते आणि रानात जाणाऱ्या गुराख्याचे व गुरांचे रक्षण त्याच्याकडे सोपविते. धान्याची कणसरी, पायाखालची धरतरी, घरातला हिरवा, लग्नाच्या चौकातला पालघट ही याच कुटुंबातील दैवते होत.

दादरा आणि नगर-हवेली हा सारा प्रदेश अवघा ४९१ चौरस किलोमीटरांचा. पण गेल्या अडीचशे वर्षांत त्याच्यावर पेशव्यांची, पोर्तुगिजांची, सात वर्षे स्थानिक पंचायतीची आणि त्यानंतर भारतीय प्रजासत्ताकाची सत्ता आली. या प्रत्येक सत्तेने शिवेवरच्या त्या वाघदेवाविषयी आणि त्याला नमस्कार करणाऱ्या माणसाविषयी काय ठरविले, हा प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु धर्मस्वातंत्र्य म्हणजे राजाने दिलेली सवलत की माणसाचा जन्मसिद्ध हक्क, हा साऱ्या जगाला पडलेला पेच या चिमुकल्या भूमीच्या इतिहासात जितका स्पष्ट उलगडतो, तितका तो मोठ्या देशांच्या इतिहासातही क्वचितच उलगडतो.

या कहाणीचा आरंभ एका नुकसानभरपाईत आहे. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगिजांचे ‘सांताना’ नावाचे जहाज पकडले होते. त्या व अशाच इतर तंट्यांचा निकाल लावून पोर्तुगिजांशी स्नेह जोडण्यासाठी १७ डिसेंबर १७७९ रोजी पुण्याच्या दरबाराने त्यांच्याशी तह केला. दमणच्या परिसरातील बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगिजांना लावून द्यावी, असे त्यात ठरले. पुढे १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी ती गावे प्रत्यक्ष त्यांच्या स्वाधीन झाली. दरबाराच्या दृष्टीने हा सरंजाम होता. गावचा वसूल द्यावयाचा, गावची मालकी नव्हे. या सनदांचा विषय महसूल हा होता. रयतेच्या देवाधर्माची तजवीज हा त्यांचा विषयच नव्हता.

धर्माविषयी बोलण्याची रीत त्या काळी नव्हती असे मात्र नाही. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म आचरता यावा, ही गोष्ट शरणागतीच्या अटींत घातलेली होती. त्या अटीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तिच्यामुळे वसईच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती वस्ती सत्तांतरानंतरही नांदती राहिली. पण ती अट दोन सत्ताधाऱ्यांमधली होती. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला दिलेला तो शब्द होता. ज्यांच्यासाठी तो दिला गेला, त्या कोळ्याला किंवा कुणब्याला तो शब्द घेऊन कोणत्याही कचेरीत उभे राहता आले नसते. जुन्या जगात धर्मस्वातंत्र्य असे ते याच प्रकारचे असे. ते तहाच्या कलमात राही आणि तह मोडला की मोडे.

नगर-हवेलीची गावे पोर्तुगिजांकडे गेली त्या वेळी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायसभा, अद्याप जिवंत होती, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. १५६० मध्ये स्थापन झालेली ही सभा पोंबालच्या कारकिर्दीत १७७४ साली बंद झाली, १७७८ साली पुन्हा सुरू झाली आणि १८१२ मध्ये कायमची संपली. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या जुन्या काबिजादींत देवळे पाडली गेली, पोरक्या हिंदू मुलांना बाप्तिस्मा देण्याची फर्माने निघाली. तोच कारभार दमणगंगेच्या काठी का आला नाही?

याचे कारण उदारपणात शोधण्यापेक्षा काळात आणि गरजेत शोधावे लागते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांना फोंडे, डिचोली, सत्तरी, पेडणे असे नवे महाल मिळाले. तेथील रयत हिंदू होती, शेजारी मराठ्यांचे राज्य होते, आणि रयत उठून गेली तर वसूल कोणाकडून घ्यावयाचा हा प्रश्न होता. म्हणून नव्या काबिजादींत देवळांना हात लावणार नाही, रूढी आणि चालीरीती पाळू, असे आश्वासन देणे त्यांना भाग पडले. नगर-हवेली त्यांच्या हाती आली ती याच नव्या धोरणाच्या काळात. शिवाय ती रानाची, तापाची आणि विरळ वस्तीची भूमी होती. तेथील वाघदेव पाडण्यासाठी कोणाला रानात शिरण्याची निकड भासली नाही. जे सहन केले जाते ते पुष्कळदा दुर्लक्षामुळे सहन केले जाते. त्याला स्वातंत्र्य म्हणावे की नाही, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

१८१८ साली पेशवाई बुडाली. सभोवतालचा मुलूख इंग्रजांकडे गेला. त्यांनी या गावांवरील पोर्तुगिजांची सत्ता निमूटपणे मान्य केली आणि ज्याला सरंजाम मिळाला होता तो हळूहळू मालक होऊन बसला. याच सुमारास पोर्तुगालमध्ये घटनात्मक राज्य आले. १८२६ च्या सनदेने रोमन कॅथलिक धर्म हाच राज्याचा धर्म ठरविला. इतर धर्मांची उपासना परकीयांनी घरात, खाजगी रीतीने करावी, अशी मुभा ठेविली. राज्याच्या धर्माचा मान राखील त्याला धर्मावरून कोणी छळू नये, असेही तीत म्हटले होते. आता नगर-हवेलीचा वारली हा परकीय खास नव्हता. पोर्तुगालच्या कायद्याने तो राजाचा प्रजाजन होता. पण त्याचे दैवत राज्याचे दैवत नव्हते. तेव्हा त्याची जागा कोठे?

या कोड्यातून लिस्बनने काढलेली वाट ‘रूढी आणि चालीरीती’ या शब्दांतून गेली. दमणच्या ख्रिस्तीतर रहिवाशांच्या रूढींची संहिता १८५४ साली तयार झाली. गोव्याच्या हिंदूंसाठी असाच हुकूम १८८० साली आणि दीवसाठी १८९४ साली निघाला. नगर-हवेली दमण जिल्ह्यातच मोडत असे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून समुद्रापारच्या मुलखांना लागू झाला, तेव्हाही स्थानिक रूढींचा अपवाद राखण्यात आला. विवाह, वारसा, दत्तक यांत प्रत्येक समाजाने आपल्या वहिवाटीने चालावे, असे हे धोरण होते. त्यात समंजसपणा होता हे मान्य केले पाहिजे. परंतु अपवाद हा नेहमी नियमाच्या मालकाकडून मिळतो. तो देणारा वर असतो आणि घेणारा खाली. ज्या समाजाजवळ ग्रंथ, पंच, वकील होते त्यांच्या रूढी कागदावर चढल्या. वारली, कोकणा, काथोडी यांच्या चालीरीती धवलेरीच्या गाण्यात आणि भगताच्या तोंडी राहिल्या. सरकारी दप्तरात त्यांना लेखणी मिळाली नाही.

सिल्वासा या लहानशा खेड्याला १८८५ साली ‘व्हिला दे पासो द आर्कोस’ असे नाव देऊन ठाण्याचे गाव करण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे करुणामाऊलीचे चर्च उभे राहिले. ते आजही उभे आहे. १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही गेली आणि १९११ च्या कायद्याने राज्य आणि चर्च वेगळे करण्यात आले. हिंदू प्रजेला बरोबरीचे स्थान प्रथम मिळाले ते या प्रजासत्ताकाच्या काळात. परंतु तो काळ अल्प ठरला. सालाझारच्या राजवटीत १९३० च्या वसाहत कायद्याने समुद्रापारच्या कॅथलिक मिशनांना सुधारणेचे आणि राष्ट्रीय प्रभावाचे साधन असे उघडपणे म्हटले. १९४० मध्ये पोपशी करार झाला. १९५१ च्या घटनादुरुस्तीने कॅथलिक धर्माला पोर्तुगीज राष्ट्राचा धर्म म्हणून पुन्हा मान दिला. उपासनेचे स्वातंत्र्य कागदावर होते. पण ज्या राज्यात सभा भरविण्याचे, छापण्याचे आणि बोलण्याचेच स्वातंत्र्य उरत नाही, तेथे एकट्या उपासनेचे स्वातंत्र्य कितपत तग धरणार? स्वातंत्र्ये ही एकमेकींच्या आधाराने उभी राहणाऱ्या कुडाच्या काठ्यांसारखी असतात. त्यांतली एक उपटली की सारा कूड कलतो.

यानंतर येते १९५४ साल. २१ जुलैच्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या तुकडीने दादरा मुक्त केले. त्या तुकडीचे नेते फ्रान्सिस मस्कारेन्हस हे गोव्याचे ख्रिस्ती गृहस्थ होते. ठाण्याचे रक्षण करताना जो पोलीस अधिकारी पडला, तो अनिसेतो रोझारियो हाही ख्रिस्तीच होता. २८ जुलैला नरोली गेली. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक यांनी सिल्वासा घेतले. प्रख्यात गायक सुधीर फडके त्या स्वयंसेवकांत होते. हल्ला करणाऱ्यांत ख्रिस्ती, बचाव करणाऱ्यांत ख्रिस्ती, दोन्ही पक्षांत हिंदू. ही लढाई क्रूस आणि शेंदूर यांच्यामधली नव्हती, हे सांगण्यास याहून मोठा पुरावा लागू नये.

तथापि पोर्तुगालने जगापुढे मांडलेला सूर वेगळा होता. हिंदुस्थानात पोर्तुगालचा ध्वज खाली आला तर तेथील कॅथलिक संस्कृतीही बुडेल, अशी हाकाटी करण्यात आली. १९५५ च्या जुलैत पंडित नेहरू रोममध्ये पोप बारावे पायस यांना भेटले. गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नव्हे, याविषयी उभयतांत मतभेद नाही, असे त्या भेटीनंतर नेहरूंनी जाहीर केले. त्याआधी १९५० सालीच मुंबईच्या आर्चबिशपच्या नेमणुकीतील आपला जुना अधिकार पोर्तुगालला सोडावा लागला होता. चर्चला राजाची कुबडी लागते हा समज खुद्द चर्चनेच मागे टाकला होता.

डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा गुदरला. दमणहून नगर-हवेलीत जाण्याचा आपला मार्ग भारताने अडविला, अशी तक्रार होती. त्या दूरच्या डच शहरात न्यायाधीशांपुढे मराठी कागद वाचले गेले आणि सरंजाम या शब्दाचा अर्थ काय यावर जगातील नामांकित कायदेपंडितांनी वाद घातला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. मराठ्यांनी दिला तो वसूल, सार्वभौमत्व नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. इंग्रजांच्या काळात पोर्तुगिजांची सत्ता वहिवाटीने मान्य झाली, हेही त्याने सांगितले. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, सैन्याला, सशस्त्र पोलिसांना आणि हत्यारांना ती नव्हती, आणि भारताने वाट अडविण्यात कायद्याचा भंग केला नाही, असा तो निर्णय होता. या साऱ्या वादात दोन राज्यांच्या हक्कांची बारकाईने छाननी झाली. वासोण्याच्या किंवा खानवेलच्या माणसाला काय हवे, हा प्रश्न त्या न्यायालयापुढे नव्हता आणि त्याच्या नियमांप्रमाणे येऊही शकत नव्हता.

तो प्रश्न सुटण्याचा मार्ग सिल्वाशातच निघाला. सात वर्षे कारभार पाहणाऱ्या वरिष्ठ पंचायतीने १९६१ मध्ये भारतात सामील होण्याचा ठराव केला. घटनेच्या दहाव्या दुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा आणि नगर-हवेली केंद्रशासित प्रदेश झाला. त्या दिवशी येथील सुमारे अठ्ठावन्न हजार माणसांच्या बाबतीत एक मूलगामी बदल घडला, आणि त्याचा गाजावाजा मात्र फारसा झाला नाही. संविधानाचे पंचविसावे कलम सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्व व्यक्तींना देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा त्याला आहे. या कलमात ‘सर्व व्यक्ती’ हे शब्द कळीचे आहेत. तहात दोन राजे असतात, रूढींच्या संहितेत समाज असतो, येथे प्रथमच एकटा माणूस आला. आणि हक्काचा भंग झाला तर बत्तिसाव्या कलमाने तो थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावू शकतो. सवलत आणि हक्क यांतील अंतर ते हेच.

१ जुलै १९६५ पासून शेकडो भारतीय कायदे या प्रदेशाला लागू झाले. त्यांत हिंदू विवाह कायदाही होता. परंतु त्या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज अनुसूचित जमातींना तो लागू नाही, असे म्हटलेले आहे. येथील जमातींची यादी १९६२ च्या आदेशात आहे : धोडिया, दुबळा, काथोडी, कोकणा, कोळी ढोर, नायकडा आणि वारली. तेव्हा धवलेरीने गाऊन लावलेले लग्न भारताच्या कायद्यातही लग्नच राहिले. फरक इतका की, आता त्या रूढीचा आधार संसदेचा कायदा झाला आणि त्या कायद्यावर संविधानाची नजर राहिली. ही नजर सौम्य नाही. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका गोंड स्त्रीच्या वारसांना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा दिला आणि स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झाली नसताना ती गृहीत धरता येत नाही, असे सांगितले. रूढीचा मान राखावा, पण तिच्याखाली माणूस चिरडू नये, ही समतोलाची कसरत आहे. ती सोपी नाही.

हक्काची खरी कसोटी लागते ती माणूस धर्म बदलतो तेव्हा. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशाने हिंदू, नंतर १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांनाच त्या यादीत स्थान दिले. अनुसूचित जमातींच्या आदेशाला अशी धर्माची अट नाही. वारली ख्रिस्ती झाला तरी वारली राहू शकतो. केवळ धर्मांतराने जमातीचे नाते तुटते असे म्हणता येत नाही, ते टिकले की नाही हे वस्तुस्थितीवरून ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये म्हटले. ही अट घालावी, धर्म बदलणाऱ्या आदिवासीचे नाव यादीतून काढावे, अशी मागणी १९६० च्या दशकापासून होत आली आहे आणि अनेक राज्यांत ती आजही जोराने मांडली जाते. दुसऱ्या बाजूने, प्रलोभनाने किंवा बळजबरीने होणारे धर्मांतर रोखण्यासाठी ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये कायदे केले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. प्रसाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माचे तत्त्व समजावून देण्याचा हक्क होय, दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा नव्हे, असे त्या निकालाचे सार आहे. त्यानंतर आणखी काही राज्यांनी असे कायदे केले आणि त्यांची धार वाढतच गेली. गुजरातने २००३ चा कायदा २०२१ मध्ये कडक केला, तेव्हा उच्च न्यायालयाने त्यातील काही तरतुदींना स्थगिती दिली.

या दोन्ही वादांत आदिवासी माणसाविषयी मोठ्या आवाजात बोलले जाते. त्याला फसविले जाते म्हणून एक बाजू कळवळते, त्याला अडविले जाते म्हणून दुसरी. त्याला स्वतःलाच सद्सद्विवेकबुद्धी आहे, हे मात्र दोन्हीकडून सहज विसरले जाते. पंचविसावे कलम नेमके हेच सांगते. वाघदेवाला नमस्कार करणारा, चर्चमध्ये मेणबत्ती लावणारा, किंवा वाघबारशीला एक आणि नाताळाला दुसरी गोष्ट करणारा, हे तिघेही कायद्यापुढे सज्ञान माणसे आहेत.

पण येथे आणखी एक अवघड प्रश्न उभा राहतो. आधुनिक कायदा धर्म म्हणजे माणसाच्या मनातली श्रद्धा समजतो. १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे अठरावे कलमही विचार, विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य व्यक्तीला देते. ज्याचा देव आकाशात आहे किंवा ग्रंथात आहे, त्याला हे पुरेसे आहे. तो माणूस कोठेही गेला तरी देव त्याच्याबरोबर जातो. परंतु ज्याचा देव शिवेवरचा अमुक दगड आहे, अमुक डोंगर आहे, त्याचे काय? दमणगंगेवर मधुबनचे धरण झाले तेव्हा नगर-हवेलीची जमीन जलाशयाखाली गेली. भूसंपादनाच्या जुन्या, १८९४ च्या कायद्यात जमिनीची किंमत आहे, झाडाची आहे, घराची आहे. गावदेवाने गाव सोडून कोठे जावे, याची किंमत कोणत्या रकान्यात लिहावयाची?

जगातील मोठमोठ्या न्यायालयांपुढेही हा प्रश्न अडखळला आहे. कॅलिफोर्नियातील अरण्यात, युरोक, करुक आणि तोलोवा या जमातींच्या पवित्र डोंगराळ भागातून रस्ता काढू नये, ही विनंती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये फेटाळली. सरकार आपल्याच जमिनीवर काय करते यावर कोणाच्या धर्माला बंधन घालता येत नाही, असा त्याचा आशय होता. कॅनडात क्टुनाक्सा लोकांनी, अस्वलाच्या आत्म्याचे निवासस्थान असलेल्या दरीत बर्फावरील खेळांचे विश्रामधाम नको, अशी दाद मागितली. २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की, घटना श्रद्धा बाळगण्याचे आणि आचरण्याचे स्वातंत्र्य रक्षिते, श्रद्धेच्या विषयाचे रक्षण करीत नाही. तर्काने हे उत्तर निर्दोष असेल. पण देव नाहीसा झाल्यावर त्याला नमस्कार करण्याचे स्वातंत्र्य कोणत्या उपयोगाचे? पुढे तो रस्ता झाला नाही आणि ते विश्रामधामही झाले नाही. परंतु ते लोकांच्या चिकाटीमुळे आणि राजकारणाच्या मार्गाने घडले, न्यायालयाच्या निकालामुळे नव्हे.

भारताने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले आहे. ओरिसातील नियमगिरी पर्वतावर डोंगरिया कोंध लोकांचा नियमराजा वसतो. त्या पर्वतात बॉक्साइटची खाण काढण्याचा घाट घातला गेला. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, खाणीने या लोकांच्या उपासनेच्या हक्काला बाध येतो का, हे ग्रामसभांनी ठरवावे. न्यायालयाने आधार घेतला तो संविधानाच्या पंचवीस व सव्वीस या कलमांचा, २००६ च्या वनहक्क कायद्याचा आणि १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याचा. त्या वर्षी बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही सभांनी खाणीला नकार दिला. देव कोठे राहतो हे प्रथमच त्याच्या भक्तांना विचारण्यात आले आणि त्यांचे उत्तर सरकारला मानावे लागले.

परंतु नगर-हवेलीपुरते पाहू जाता एक विसंगती डोळ्यांत भरते. गावच्या परंपरा, रूढी आणि सामूहिक साधनसंपत्ती जपण्याची शक्ती ग्रामसभेला देणारा पेसा कायदा घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांनाच लागू होतो. अशी क्षेत्रे दहा राज्यांत आहेत. शेजारच्या पालघर जिल्ह्यातील तलासरी व जव्हार त्यांत येतात, वलसाड जिल्ह्यातील धरमपूरही येते. मध्ये सापडलेला हा केंद्रशासित प्रदेश त्यात नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे येथील ३ लाख ४३ हजार वस्तीत १ लाख ७८ हजार लोक अनुसूचित जमातींचे आहेत, म्हणजे निम्म्याहून अधिक. तरीही ओढ्याच्या एका काठचा वारली आपल्या ग्रामसभेत परंपरेच्या रक्षणासाठी जो कायदा पुढे करू शकतो, तो दुसऱ्या काठच्या त्याच्या सोयऱ्याच्या हाती नाही. त्याच्याजवळ वनहक्क कायदा आहे, संविधानाची कलमे आहेत, पेसाचे बळ मात्र नाही. दोघांचा वाघदेव एकच, लग्नाचा चौक एकच, तारप्याचा सूर एकच. त्यांच्यामधली रेघ मात्र १७७९ च्या तहातून उगवलेली आहे. हा सरंजामाचा उरलेला अंश आहे असे कोणी म्हटले, तर त्यात अतिशयोक्ती नाही.

२६ जानेवारी २०२० रोजी दादरा-नगर-हवेली आणि दमण-दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला. त्यामुळे आणखी एक चमत्कारिक चित्र उभे राहिले. दमण आणि दीव येथे कुटुंबाच्या व वारशाच्या बाबतीत पोर्तुगिजांचा १८६७ चा नागरी कायदा अद्याप चालतो. सिल्वाशात भारताचे धर्मनिहाय व्यक्तिगत कायदे आणि जमातींच्या रूढी चालतात. एकच प्रशासक आणि दोन कायदे. देशभर समान नागरी कायद्याची चर्चा चालू आहे. उत्तराखंडाने २०२४ मध्ये असा कायदा केला तेव्हा अनुसूचित जमातींना त्यातून वगळले. रूढीचा अपवाद राखण्याची दीडशे वर्षांपूर्वी पोर्तुगिजांना पडलेली गरज आजच्या कायदेमंडळालाही पडली, हे विचार करण्याजोगे आहे.

तात्पर्य, या लहानशा भूमीने धर्मस्वातंत्र्याच्या तीन पायऱ्या पाहिल्या. पहिली मौनाची होती. सनदेला रयतेचा वसूल दिसला, तिचा देव दिसला नाही. दुसरी सवलतीची होती. राजाने रूढी चालू दिली आणि ती चालू देणे आपल्या हाती ठेविले. तिसरी हक्काची आहे आणि ती १९६१ पासून प्रत्येक माणसाच्या पदरी आहे. चौथी पायरी अद्याप पुरती बांधून झालेली नाही. एकट्या माणसाच्या विवेकाबरोबरच, गावाने मिळून जपलेल्या त्याच्या पवित्र जागेलाही कायद्याने ओळखले पाहिजे, अशी ती पायरी आहे. नियमगिरीत तिचा पहिला दगड बसला. पाचव्या अनुसूचीचे संरक्षण जेथे पोहोचलेले नाही, त्या नगर-हवेलीसारख्या भागांत तो अजून बसावयाचा आहे.

वासोण्याच्या उद्यानातील सिंहांना सरकारने कुंपण घालून दिले आहे, त्यांच्या खाण्यापिण्याची काळजी घेणारी माणसे आहेत. शिवेवरच्या वाघदेवाला असले काही नको असते. वर्षातून एकदा गाव जमावे, कोणी नारळ फोडावा, कोणी तारपा वाजवावा, आणि ज्या जागी आजा उभा राहिला त्याच जागी नातवाला उभे राहता यावे, एवढेच त्याच्या भक्ताचे मागणे आहे. ते पुरविणे कोणत्याही राज्याला जड जाऊ नये. पण ते कृपा म्हणून न पुरविता हक्क म्हणून पुरविणे, हे मात्र अडीचशे वर्षांनंतरही राज्यकर्त्यांना शिकावयाचे राहिले आहे.